पाच दिवसांचं विज्ञान शिबिर, आपल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये

परीक्षा संपल्या की मुंबईतली निम्मी मुलं गावाला पळतात आणि उरलेली घरात मोबाइल घेऊन बसतात. या उरलेल्यांसाठी हाताने करायच्या विज्ञानाचं एक छोटं शिबिर सोसायटीच्या हॉलमध्ये, चाळीच्या गच्चीखालच्या खोलीत किंवा गणेशोत्सव मंडळाच्या जागेत सहज घेता येतं. त्यासाठी इंजिनीअर असायची गरज नाही. स्क्रू ड्रायव्हर धरता येणारे दोन-चार जण आणि थोडी आधीची तयारी एवढ्यावर भागतं. मी गेली काही वर्षं अशी शिबिरं घेते आहे आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, 'आमच्याकडे घ्यायचं तर सुरुवात कुठून करू?' हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शिबिराचा दिवस कसा गेला हे मी एकाच प्रश्नाने ठरवते: तीन तासांतला किती वेळ सामान मुलांच्या हातात होतं? ताईने प्रयोग करून दाखवला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, तर तो जादूचा कार्यक्रम झाला. आपल्याला हवं आहे ते वेगळं. प्रत्येक मुलाने काहीतरी कापलं, जोडलं, बिघडवलं आणि स्वतः दुरुस्त केलं पाहिजे.

आधी तारखा धरा

मुंबईत शिबिर फसतं ते बहुतेक वेळा तारखांमुळे. स्टेट बोर्डाच्या शाळांची सुट्टी आणि सीबीएसई, आयसीएसई शाळांची सुट्टी जुळत नाही. कोकणात, घाटावर जाणाऱ्यांची तिकिटं महिनोन्‌महिने आधी काढलेली असतात. म्हणून मार्चमध्येच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न टाका: 'तुमचं मूल कोणत्या तारखांना मुंबईत आहे?' उत्तरं आली की दोन आठवडे आपोआप पुढे येतात, एक परीक्षा संपल्यावरचा लगेचचा आणि दुसरा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपासचा. मला दुसरा आवडतो. मुलं गावाहून आंबे-फणस खाऊन ताजीतवानी परतलेली असतात आणि आईवडिलांनाही शाळा सुरू होईपर्यंत मुलांना कुठेतरी गुंतवायचं असतं. फक्त पाऊस लक्षात ठेवा. मुंबईत मोसमी पाऊस सुरू होण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, त्यामुळे गच्चीवरचं काही ठरवलं असेल तर ते पहिल्या दोन दिवसांतच उरकून घ्या.

वेळ सकाळी आठ ते अकरा. मे महिन्याच्या दमट उकाड्यात दुपारी हॉलमध्ये मुलंही टिकत नाहीत आणि मोठेही. तीन तासांहून जास्त लांबवू नका. मध्ये वीस मिनिटांची सुट्टी आणि लिंबू सरबत, पोहे किंवा केळं, एवढं पुरे.

मुलं किती, मोठे किती

पहिल्या वेळी पंधरा ते अठरा मुलं घ्या, त्याहून एकही जास्त नको. चौथी ते आठवी हा वयोगट बरा पडतो. त्याहून लहान मुलांना कात्री, पक्कड हाताळताना प्रत्येकी एक मोठं माणूस लागतं. पाच-सहा मुलांमागे एक ताई किंवा दादा हवा. हे ताई-दादा शोधायला लांब जायला लागत नाही, बारावी होऊन निकालाची वाट बघणारी मुलं-मुली सोसायटीत असतातच. निवृत्त काकांनाही बोलवा. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, गोदीत, बेस्टमध्ये किंवा गिरणीत आयुष्य घालवलेली माणसं मुंबईच्या प्रत्येक वाडीत आहेत. त्यांच्या हातात जे कसब आहे ते कुठल्याही महागड्या किटमध्ये मिळणार नाही. त्यांना एकच विनंती आधीच करायची: 'काका, सांगा, दाखवा, पण मुलाच्या हातातून पक्कड काढून घेऊ नका.'

तीन-तीन मुलांचे गट करा. चौथं मूल हमखास नुसतं बघत बसतं. गट करताना वय थोडं मिसळा, पण सख्खी भावंडं वेगळी ठेवा. दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गटात सोडलं की मुलगे स्क्रू ड्रायव्हर उचलतात आणि मुलींकडे रंगवणं, चिकटवणं, वहीत लिहिणं येतं. कुणी मुद्दाम करत नाही, तसं होऊन जातं. म्हणून दर अर्ध्या तासाला घंटा वाजवायची आणि कामं बदलायची. ज्याच्या हातात हत्यार होतं तो आता धरणार, जी धरत होती ती आता हत्यार चालवणार. दोन दिवसांत याची सवय लागते आणि तिसऱ्या दिवशी घंटेची गरजही राहत नाही.

फी ठेवायची असेल तर सामानाच्या खर्चाइतकीच ठेवा. आणि तीन-चार जागा वॉचमनकाकांच्या, इस्त्रीवाल्यांच्या, घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांसाठी आधीपासून धरून ठेवा. ती मुलं त्याच आवारात राहतात, खेळतात. हॉलच्या दारात उभं राहून बघायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

जागा आणि परवानगी

कमिटीला साधा लेखी अर्ज द्या. त्यात तारखा, वेळ, मुलांची संख्या, जबाबदार माणसाचं नाव आणि 'मेन लाइनच्या विजेवर कोणताही प्रयोग होणार नाही' हे वाक्य असू द्या. या एका वाक्याने सेक्रेटरींची निम्मी काळजी मिटते. हॉलमध्ये पंखे चालतात का, नळाला सकाळी पाणी असतं का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या की टेबलांची गरज नाही. उलट खाली बसलेली मुलं एकमेकांचं काम जास्त बघतात.

पालकांकडून एक पानाचा फॉर्म भरून घ्या: मूल कोणासोबत घरी जाणार, कसली ॲलर्जी आहे का, दोन फोन नंबर. फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे असतील तर त्याची परवानगीही याच फॉर्मवर घ्या.

सामान

बऱ्याचशा गोष्टी घरातच सापडतात. रद्दी, ॲमेझॉनचे पुठ्ठ्याचे खोके, पाण्याच्या बाटल्या, बुटांचे डबे, जुनी खेळणी, बंद पडलेला कीबोर्ड, मोडलेला मिक्सर. शिबिराच्या दोन आठवडे आधी जिन्याखाली एक मोठं खोकं ठेवून त्यावर 'फेकू नका, इथे टाका' असं लिहा. ते खोकं चार दिवसांत भरतं.

विकत घ्यायचं सामान म्हणजे पेन्सिल सेल, सेल ठेवायचे होल्डर, एलईडी, बझर, खेळण्यातल्या छोट्या मोटर, वायर आणि गोल चपटे चुंबक. हे ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं दिसेल, विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा.) दुकानं रविवारी बहुतेक बंद असतात, शनिवारी दुपारी चिक्कार गर्दी असते, म्हणून मधल्या वारी सकाळी गेलेलं बरं. यादी मराठीत, हिंदीत कशीही असू द्या, पण प्रत्येक गोष्टीपुढे नग लिहा. आणि हवेत त्याहून चौथा हिस्सा जास्त घ्या, कारण मुलं एलईडी जाळणार आहेत. त्यांनी जाळलेच पाहिजेत.

तिसऱ्या दिवशी मुलं स्वतः बनवतील त्या मोटारीसाठी इनॅमल चढवलेली तांब्याची तार लागते. ती पंखे आणि मोटारी भरून देणाऱ्या दुकानात वजनावर मिळते. चोवीस गेजची मागा, आणि मुलांच्या शिबिराला हवी आहे असं सांगितलंत तर उरलेले तुकडे ते बऱ्याचदा असेच देतात. सिरिंज मेडिकलमधून नवीनच घ्या आणि सुया दुकानातच परत करा. वापरलेली सिरिंज कुणी कितीही धुऊन दिली तरी घ्यायची नाही.

तयार किट घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन, निदान पहिल्या वर्षी तरी. किटमध्ये प्रत्येक भोक आधीच पाडलेलं असतं आणि प्रत्येक तुकडा बरोबर बसतो. मग मुलाला विचार करायला जागाच उरत नाही. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अनेक वर्षं काम केलेले अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर भूमितीचे आकार उभे करून दाखवले. आयआयटी कानपूरमधून शिकलेल्या या माणसाने कचऱ्यातून शेकडो खेळणी तयार केली, त्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं सगळ्यांसाठी फुकट खुली ठेवली, आणि त्यात मराठीही भरपूर आहे. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिबिराआधी एक संध्याकाळ त्यांच्या संकेतस्थळावर घालवा.

पहिला दिवस: खोलून बघायचं

पहिल्या दिवशी काहीही बनवायचं नाही. जमा झालेल्या जुन्या वस्तू गटांत वाटा, स्क्रू ड्रायव्हर द्या आणि खोलायला सांगा. मुलांच्या चेहऱ्यावर आधी विश्वासच बसत नाही, कारण घरात हेच केल्याबद्दल ओरडा खाल्लेला असतो. निघालेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर टोचून त्याशेजारी तो कुठला ते लिहायचं, हा एकच नियम ठेवा. हत्यार कसं धरायचं, झिजलेल्या स्क्रूवर आधी दाब द्यायचा आणि मग फिरवायचं, हे सगळं या दिवशी हाताला कळतं आणि पुढचे चार दिवस उपयोगी पडतं.

काय खोलायचं नाही त्याची यादी मात्र पक्की हवी. जुना डबा टीव्ही, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर आणि फ्लॅशचा कॅमेरा नको, कारण प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते. सीएफएलचे दिवे नकोत, त्यात पारा असतो. मोबाइल आणि पॉवर बँकच्या बॅटऱ्या नकोत, टोचल्या तर पेट घेतात. बाकी ज्या वस्तूला वायर आहे तिचा प्लग आदल्या रात्री स्वतः कापून टाका. म्हणजे उत्साहाच्या भरात कुणी ती भिंतीच्या सॉकेटला लावणार नाही.

दुसरा दिवस: रद्दीचा पूल

वर्तमानपत्राचं एक पान तिरकं घेऊन झाडूच्या हिराभोवती घट्ट गुंडाळायचं, शेवटचं टोक चिकटवायचं आणि हीर ओढून काढायचा. मिळाली नळी. अशा नळ्यांपासून दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांमधलं साठ सेंटीमीटरचं अंतर ओलांडणारा पूल बांधायचा. जोडायला फक्त दोरा आणि चिकटपट्टी.

बहुतेक गट आधी चौकोन करतात. चौकोनाला कोपऱ्यातून ढकललं की तो कलंडतो. तेव्हा काही सांगू नका. एक चौकोन आणि एक त्रिकोण शेजारी ठेवा आणि दोन्ही दाबून बघायला सांगा. मग कुणीतरी चौकोनात कर्ण घालतं आणि दहा मिनिटांत सगळ्या हॉलमध्ये कर्णच कर्ण होतात. त्यानंतर विचारा, स्टेशनवरच्या लोखंडी पादचारी पुलात हे कुठे पाहिलंय? उद्यापासून मुलं पुलावरून चालताना खाली न बघता बाजूला बघतात.

वजन म्हणून पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या एकेक करून टांगा, प्रत्येक बाटली साधारण एक किलोची. पूल तुटला की खरा अभ्यास सुरू होतो. कुठे तुटला? जवळजवळ नेहमीच नळी मोडत नाही, सांधा सुटतो. आणि नळी वाकलीच, तर ती दाबली जात असलेल्या जागी वाकते. जिथे ताण येतो तिथे नळीऐवजी दोराही चालतो. हे लक्षात आलं की वांद्रे-वरळी सी लिंकच्या केबल डोळ्यांसमोर आणून द्या. २००९ साली सुरू झालेला तो पूल मनोऱ्यांवरून निघालेल्या केबलनी धरला आहे, आणि केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. दुसऱ्यांदा पूल बांधायला किमान पाऊण तास राखून ठेवा. पहिला पूल मुलं अंदाजाने बांधतात, दुसरा विचार करून बांधतात.

तिसरा दिवस: वीज आणि मोटर

सकाळचा पहिला तास साध्या सर्किटला द्या. दोन पेन्सिल सेल, एक एलईडी, दोन वायर. एलईडीचा लांब पाय धन बाजूला लागतो, उलटा लावला तर पेटत नाही. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात आणि दोन सेलचे तीन होतात, म्हणून मध्ये शंभर ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह आवरणारा छोटा तुकडा, घाला. मग नाणं, खडू, ओला दोरा, पेन्सिलीचं शिसं असं काहीही सर्किटमध्ये घालून बघायला द्या. पेन्सिलीचं शिसं वीज नेतं हे कळल्यावर वर्गात खळबळ उडते. वायर दातांनी सोलू देऊ नका, स्ट्रिपर ठेवा.

उरलेला वेळ मोटारीचा. हा माझा सगळ्यात लाडका प्रयोग, म्हणून जरा तपशिलात लिहिते. तार मार्कर पेनाभोवती दहा वेळा गुंडाळून तिचं वेटोळं, म्हणजे कॉइल, करायची आणि दोन्ही टोकं समोरासमोर, एका रेषेत बाहेर काढायची. मोठ्या सेलच्या दोन टोकांना रबराने दोन सेफ्टी पिना घट्ट बांधायच्या, त्यांच्या भोकांत कॉइलची टोकं ठेवायची आणि सेलवर कॉइलखाली चुंबक चिकटवायचा. आता खरी गोम. तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो, तो वीज जाऊ देत नाही. एक टोक पॉलिश पेपरने चारी बाजूंनी खरवडायचं. दुसरं टोक मात्र कॉइल उभी धरून फक्त वरच्या अर्ध्या बाजूने खरवडायचं.

अर्धंच का? कॉइलमध्ये वीज गेली की ती स्वतःच चुंबक होते आणि खालचा चुंबक तिला फिरवतो. पण अर्धा फेरा झाल्यावर तोच चुंबक तिला मागे ओढायला लागतो. नेमक्या त्या अर्ध्या फेऱ्यात इनॅमलची बाजू पिनेला लागते, वीज तुटते, आणि कॉइल आपल्याच वेगाने पुढे सरकते. पुन्हा तांबं पिनेला टेकतं, पुन्हा धक्का. मुलांना हे आधी सांगू नका. आधी एका गटाला दोन्ही टोकं पूर्ण खरवडू द्या. त्यांची कॉइल थरथरते आणि थांबते, शेजारच्यांची गरगर फिरते, आणि दोन्ही गट एकमेकांच्या तारेची टोकं तपासायला लागतात.

फिरत नसेल तर याच क्रमाने बघायचं: इनॅमल नीट निघालंय का, कॉइल एका बाजूला जड झाली आहे का, पिना हलताहेत का, सेल संपलाय का. बोटाने हलकासा धक्काही द्यावा लागतो. एक काळजी मात्र घ्या. या सर्किटमध्ये वीज जवळजवळ अडथळ्याशिवाय वाहते, त्यामुळे कॉइल थांबून राहिली तर तार आणि सेल दोन्ही तापतात. फिरत नाही म्हटलं की कॉइल लगेच उचलून ठेवायची.

चौथा दिवस: सिरिंजचा जेसीबी

मेट्रोची कामं, रस्त्यांची खोदाई यांमुळे मुंबईतल्या मुलांना जेसीबी तोंडपाठ आहे. दोन सिरिंज नळीने जोडा, आधी हवेने आणि मग पाण्याने. हवा दाबली जाते, म्हणून पलीकडचा दट्ट्या उशिरा आणि लुळा हलतो. पाणी दाबलं जात नाही, तो लगेच हलतो. मध्ये एक बुडबुडा राहिला तरी फरक बोटाला कळतो. मग पाच मिलीची सिरिंज वीस मिलीच्या सिरिंजला जोडा आणि दोन मुलांना समोरासमोर ढकलायला सांगा. बारीक सिरिंजवाली, वयाने लहान मुलगी मोठ्या दादाला हरवते, पण तिचा दट्ट्या पूर्ण आत गेला तरी त्याचा थोडासाच सरकतो. जोर वाढला, अंतर घटलं.

आता पुठ्ठ्याचा हात बनवायचा. इथे प्रत्येक गट एकाच जागी अडतो. सिरिंज पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवतात आणि हात हलतच नाही. हात वर जाताना सिरिंजचाही कोन बदलतो, म्हणून तिला थोडं डोलता आलं पाहिजे. चिकटवायच्या ऐवजी केबल टायने सैल बांधायची. हे सांगायचा मोह आवरा. हॉलमधून खाली जाऊन रस्त्यावर उभा असलेला जेसीबी लांबून बघू द्या, किंवा फोनवर त्याचा फोटो मोठा करून दाखवा. जेसीबीच्या हाताला हलवणाऱ्या सिलिंडरच्या दोन्ही टोकांना खीळ दिसते, तिच्याभोवती तो डोलतो. ती ज्या मुलाने शोधली, त्याला ती जन्मभर लक्षात राहते.

पाचवा दिवस आणि पालक

पाचव्या दिवशी विषय देऊ नका, अडचण द्या. पाचव्या मजल्यावरून खाली पिशवी सोडायची आणि वर ओढायची, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून काही करायचं, गॅलरीत कबुतरं बसू नयेत पण त्यांना इजाही होऊ नये. चार दिवसांत हाताळलेल्या सगळ्या वस्तू मध्यभागी ठेवा. शेवटच्या तासाला पालकांना बोलवा. पालक आले की त्यांना सर्टिफिकेट नको, मूल जे बोलेल ते ऐकायचं काम द्या. प्रत्येक मुलाने फक्त दोन गोष्टी सांगायच्या: माझं काय बिघडलं आणि मी ते कसं सोडवलं. न चाललेलं यंत्र घेऊन उभं राहिलेल्या मुलालाही तितकाच वेळ मिळाला पाहिजे.

मोठ्यांनी बोलायचं कसं

'अरे, तसं नाही, असं' हे वाक्य हॉलमध्ये बंद ठेवा. त्याऐवजी विचारा: 'काय होईल असं वाटत होतं? काय झालं? आता एकच गोष्ट बदलायची तर कोणती बदलशील?' मूल रडकुंडीला आलं तर मात्र मदत करा, एक धागा सोडवून द्या आणि बाजूला व्हा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत नसेल तर ते फळ्यावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून शोधा.

काळजीच्या गोष्टी

कटर मोठ्यांच्याच हातात. ग्लू गन एका कोपऱ्यात, एका ताईच्या देखरेखीखाली, आणि रांगेने. भाजलं तर लगेच नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. बटन सेल आणि छोटे जोरदार चुंबक मोजून द्या आणि मोजून परत घ्या. ते गिळले गेले तर आतड्याला गंभीर इजा होते. तशी नुसती शंका जरी आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. सायकलच्या पंपाने उडणारं पाण्याचं रॉकेट सोसायटीच्या आवारात करू नका, ते मोकळ्या मैदानासाठी आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर दारावर मोठ्या अक्षरांत लावा.

गावाला जाणाऱ्यांसाठी एक काम

शिबिर चुकणाऱ्या मुलांनाही यात घेता येतं. मुंबईत १५-१६ मेच्या आसपास दुपारी साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी नाहीशी होते. रत्नागिरीला हाच दिवस आठवडाभर आधी, ७-८ मेच्या सुमाराला येतो आणि मालवणला त्याहीपेक्षा तीन-चार दिवस आधी. जो जितका दक्षिणेला, त्याच्याकडे सूर्य तितका लवकर पोचतो. गावाला गेलेल्यांनी सपाट जागी ओळंब्याने उभी बाटली ठेवून रोज भरदुपारी सावलीचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, मुंबईतल्यांनी गच्चीवर तेच करायचं. हा दिवस जुलैअखेर परत येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

शिबिर घेणं जमणार नसेल तर

बाहेरच्या एखाद्या शिबिराला मुलाला घालणार असाल तर पैसे भरण्याआधी खोली बघून या आणि तीन प्रश्न विचारा. एका शिक्षकामागे किती मुलं? प्रत्येक मुलाला स्वतःचं सामान मिळतं की एका टेबलावर एकच? मुलाचं यंत्र चाललं नाही तर तुम्ही काय करता? तिसऱ्या प्रश्नाला 'आम्ही दुरुस्त करून देतो' असं उत्तर आलं, तर दुसरी जागा शोधा.

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून सुरू आहे. तिथल्या बागेतल्या मोठ्या यंत्रांवर मुलांना हात लावून खेळता येतं, शिबिराची सहल काढायची तर पहिली तिथेच काढा. चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात मराठी विज्ञान परिषद आहे. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था मराठीतून विज्ञान पोचवण्याचं काम करते. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून शालेय विज्ञान कसं शिकवावं यावर काम करतं आणि त्यांचं बरंच साहित्य इंटरनेटवर मोफत आहे. आठवी-नववीच्या मुलांचे प्रश्न तुमच्या आवाक्याबाहेर जायला लागले की तिथून सुरुवात करा.

आवराआवर

संपलेले सेल आणि खोललेल्या सर्किट बोर्डांचा ढीग ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. तो वेगळ्या पोत्यात भरून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवा. पुठ्ठा आणि रद्दी रद्दीवाल्याला द्या, जे पैसे येतील ते पुढच्या वर्षीच्या सेलना. हत्यारं, मोटर, वायर एका पेटीत घालून पेटी हॉलच्या कपाटात ठेवा आणि किल्ली सातवी-आठवीतल्या दोन मुलांकडे द्या, एक मुलगी आणि एक मुलगा. सोबत एक वही: कोणी काय नेलं, कधी परत आणलं. कटर आणि ग्लू गन मात्र त्या पेटीत नको, ते कमिटीच्या ऑफिसात.